वाचकांचे प्रश्न : फ्लिंटचं पाणी कोणी उघडं पाडलं?

प्रश्न : अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या पाण्याचं प्रकरण नेमकं काय होतं? ते पत्रकारांनी बाहेर काढलं की आंदोलकांनी? (वाचक, सांगली)

मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे सुमारे एक लाख वस्तीचं शहर. निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय आणि गरिबी मोठी. तिजोरी रिकामी झाल्यामुळे राज्याने तिथे प्रशासक बसवला होता आणि निवडून आलेल्या नगरसेवकांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. 25 एप्रिल 2014 ला खर्च वाचवायचा म्हणून डेट्रॉइटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं.

नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, म्हणून ते पाइप जास्त खातं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हे गंजरोधक मिसळलेलं असे. त्याने पाइपच्या आत पातळ थर बसतो आणि शिसं पाण्यात उतरत नाही. फ्लिंटने ते घातलंच नाही. तज्ज्ञांच्या अंदाजाने त्याचा खर्च दिवसाला 100 डॉलरच्या आसपास होता! जुना थर झिजला आणि मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतच्या शिशाच्या जोडण्या उघड्या पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणं थांबवलं. माणसांना मात्र पुढे वर्षभर तेच प्यावं लागलं.

बोंब पहिल्यांदा रहिवाशांनी मारली. तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन ते नगरपालिकेवर गेले, सभांमध्ये उभे राहिले. धर्मगुरूंच्या संघटना आणि मोहल्ल्यातले गट एकत्र आले. पत्रकार त्यानंतर आले, आणि त्यांच्या हाती कागद लागले तेव्हा तक्रारीचं प्रकरण झालं. श्रेय द्यायचं तर क्रम हाच ठेवायला हवा.

प्रश्न : सरकारी तपासणीत पाणी नियमात बसत होतं, असं वाचलं. मग खोटं कोण बोलत होतं? (वाचक, नागपूर)

खरी गोम या तपासणीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

1991 च्या संघीय नियमानुसार जास्त धोक्याच्या, म्हणजे शिशाची जोडणी असलेल्या घरांतून नमुने घ्यायचे. पाणी किमान सहा तास न वापरता पाइपमध्ये उभं राहिलं पाहिजे. मग नळ उघडताच येणारं पहिलं एक लिटर भरायचं. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून 90 टक्क्यांच्या जागी येणारा आकडा पाहायचा. तो लिटरला 15 मायक्रोग्रॅमच्या वर गेला, तर पालिकेला उपाय करावे लागतात आणि लोकांना कळवावं लागतं.

फ्लिंटमध्ये आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना होती. त्याने पाइपमध्ये साचलेलं शिसं आधीच वाहून जातं. बारीक तोंडाच्या बाटल्यांमुळे नळ हळू सोडावा लागतो. जोराच्या धारेने सुटणारे शिशाचे कण मग बाटलीत येतच नाहीत. शिवाय कोणत्या घराला शिशाची जोडणी आहे, हे पालिकेला धड माहीत नव्हतं. नोंदी होत्या हजारो जुन्या कार्डांवर. तरी नमुने योग्य घरांतलेच आहेत, असं लिहून दिलं गेलं.

कळस 2015 च्या उन्हाळ्यात झाला. 71 नमुने जमले होते आणि 90 टक्क्यांचा आकडा 18 येत होता. राज्याच्या पर्यावरण खात्याने दोन नमुने वगळायला लावले. त्यातला एक लीॲन वॉल्टर्स या रहिवासी बाईंच्या घरचा, 104 मायक्रोग्रॅमचा. कारण दिलं, घरात गाळणयंत्र आहे. 69 उरले आणि आकडा 11 वर आला. अहवाल कायद्यात बसला.

प्रश्न : हे बाहेर कसं आलं? (वाचक, कोल्हापूर)

वॉल्टर्स यांनी संघीय पर्यावरण संस्थेतल्या मिगेल डेल टोराल यांना गाठलं. त्यांनी जून 2015 मध्ये अंतर्गत टिपण लिहिलं : फ्लिंटमध्ये गंजरोधक घालतच नाहीत. ते टिपण नागरी हक्क संघटनेच्या मिशिगन शाखेत काम करणारे पत्रकार कर्ट गायेट यांच्याकडे पोचलं आणि जुलैत प्रसिद्ध झालं. राज्याच्या प्रवक्त्याने रेडिओवर लोकांना निर्धास्त राहायला सांगितलं. डिसेंबरमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला.

नुसत्या टिपणाने काम झालं नसतं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांनी पाण्याचे नमुने भरायचे 300 संच पाठवले. प्रत्येकात तीन बाटल्या : पहिल्या धारेचं एक लिटर, 45 सेकंद नळ सोडून 500 मिलिलिटर, दोन मिनिटांनी 125 मिलिलिटर. घरातल्या नळापासून रस्त्याकडच्या पाइपपर्यंत शिसं कुठून येतं, याचा अंदाज यातून बांधता येतो. संच वाटणं, नमुना कसा भरायचा ते शिकवणं, गोळा करणं हे सगळं रहिवाशांनी आणि गायेट यांनी काही आठवड्यांत उरकलं. 90 टक्क्यांचा आकडा 25 च्या वर निघाला. माझ्या मते हे या चळवळीचं सर्वांत मोठं काम, कारण मोर्चाला भावनिक म्हणून टाळता येतं, शिस्तीने भरलेल्या बाटल्यांना तसं म्हणता येत नाही.

सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अटिशा यांनी रक्ततपासण्यांचे आकडे मांडले. रक्तात जास्त शिसं असलेल्या लहान मुलांचं प्रमाण 2.4 वरून 4.9 टक्क्यांवर गेलं होतं. 16 ऑक्टोबर 2015 ला डेट्रॉइटचं पाणी परत आलं.

प्रश्न : कुणाला शिक्षा झाली का? (वाचक, पणजी)

बड्यांपैकी कुणी तुरुंगात गेलं नाही. माजी गव्हर्नर रिक स्नायडर यांच्यासह अनेकांवरचे खटले प्रक्रियेतल्या चुकीमुळे कोसळले आणि 2023 मध्ये सरकारी पक्षाने ते सोडून दिले. हा अन्याय आहे आणि फ्लिंटचे लोक आजही तसंच म्हणतात. दिवाणी दाव्यांत सुमारे 62.6 कोटी डॉलरची तडजोड झाली. धर्मगुरूंच्या संघटनेने आणि इतरांनी लढलेल्या वेगळ्या दाव्यातून 2017 मध्ये पाइप बदलायचा करार मिळाला, पण 2020 ची मुदत हुकली. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने शहराला अवमानासाठी दोषी धरलं.

प्रश्न : आपल्या माहिती अधिकारासारखं तिथे काही आहे का? भारतातून अर्ज करता येतो का? (वाचक, पुणे)

आहे, आणि करता येतो. आपला कायदा फक्त नागरिकांसाठी आहे. अमेरिकेच्या संघीय माहिती कायद्यात कुणीही, परदेशी माणूससुद्धा, अर्ज करू शकतो. उत्तराची मुदत 20 कामकाजी दिवस, पण विलंब नेहमीचा. सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि 100 पानं मोफत. राज्यांचे कायदे वेगळे : मिशिगनमध्ये मुदत पाच कामकाजी दिवस, आणखी दहा वाढवता येतात. फ्लिंटच्या वेळी तिथला कायदा गव्हर्नरच्या कार्यालयाला लागूच नव्हता. स्नायडर यांनी 2016 मध्ये आपले ईमेल जाहीर केले ते लोकांच्या रेट्यामुळे.

‘पाण्याविषयी सर्व कागद’ असं मागू नका. मोठं बिल येतं किंवा अर्ज स्पष्ट नाही म्हणून परत येतो. कोणत्या खात्याचा, कोणत्या तारखांमधला, कोणता अहवाल ते लिहा. अंतिम अहवालाबरोबर त्याचे आधीचे मसुदेही मागा. मसुदे ‘अंतर्गत चर्चा’ म्हणून नाकारले जाऊ शकतात. तसं झालं तर कारण लेखी घ्या आणि अपील करा. फ्लिंटमध्ये 71 चे 69 झाले, ते दोन अहवाल शेजारी ठेवल्यावरच दिसलं.