प्रभूच्या येण्याची वाट आणि घरात शिरलेली भीती

«आदरणीय ताई, सप्रेम सलाम.

आम्ही गेली चौदा वर्षे परदेशात आहोत. दोघेही ख्रिस्ती घरांत वाढलो आणि इथेही दर रविवारी मुलांना घेऊन उपासनेला जातो. गेल्या काही महिन्यांपासून माझे यजमान रात्री उशिरापर्यंत शेवटच्या काळाविषयीचे व्हिडिओ पाहत बसतात. कुठे युद्ध पेटले, कुठे भूकंप झाला, की लगेच बायबलमधले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, उघडतात आणि 'आता फार दिवस उरले नाहीत' असे मुलांसमोर म्हणतात. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिच्या कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत, आणि तिच्या फीसाठी दर महिन्याला आम्ही जे पैसे बाजूला टाकत होतो ते टाकणे त्यांनी बंद केले आहे. सासरे मागच्या वर्षी गेले तेव्हा ह्यांना वेळेवर पोहोचता आले नाही, अंत्यविधी फोनवरच पाहिला. पण त्यानंतर तसे सगळे ठीक होते. परवा दहा वर्षांचा मुलगा शाळेतून आला तेव्हा मी तळघरात कपडे धूत होते. वर येऊन पाहते तर तो पाठीवरचे दप्तरही न काढता दाराजवळ उभा, चेहरा पांढराफटक. 'मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना वर नेलं आणि मी एकटाच राहिलो,' एवढेच बोलला. मी त्याला पोटाशी धरले, पण काय सांगावे ते सुचेना. येशूच्या येण्यावर माझाही विश्वास आहे. मग मला या सगळ्याची भीती का वाटते? माझा विश्वास कमी पडतो आहे का?»

प्रिय भगिनी,

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. प्रभूच्या येण्याची तुम्हाला भीती वाटत नाही. त्याच्या येण्याच्या नावाखाली तुमच्या घरात जे शिरले आहे त्याची वाटते, आणि ती भीती रास्त आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी 'मारानाथा' असा एक अरामी शब्द होता, जो प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस तसाच ठेवला आहे. 'आमच्या प्रभू, ये' असा त्याचा अर्थ. घरचे माणूस यायला उशीर झाला की आपण जसे दाराकडे पाहतो, तशी ती हाक आहे. ज्याला अशी हाक मारायची, त्याच्या नावाने एक दहा वर्षांचे मूल रिकाम्या घरात थिजून उभे राहते, याचा अर्थ शिकवताना कुठेतरी मोठी गफलत झाली आहे.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुनःपुन्हा वाचले. सासऱ्यांच्या निधनाचा उल्लेख तुम्ही ओघात करून पुढे गेलात आणि 'तसे सगळे ठीक होते' असे लिहिलेत. मला ते ठीक वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांनी आईवडिलांचे अखेरचे दर्शन फोनच्या पडद्यावर घेतले, त्यांना ठाऊक आहे की ते रडणे पुरे होत नाही. खांदा द्यायचा राहिला, मूठभर माती टाकायची राहिली, शेजारी उभ्या असलेल्या भावाचा हात धरायचा राहिला; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जावे लागले. अशा माणसाला 'आता सगळेच संपणार आहे' हे ऐकून एक विचित्र दिलासा मिळतो, कारण सगळेच संपणार असेल तर आपली चूक, आपला उशीर, आपली ताटातूट यांचा हिशेब तेवढा एकट्याने वाहावा लागत नाही. मी तुमच्या यजमानांना ओळखत नाही आणि माझा अंदाज चुकीचाही असेल. पण रात्रीच्या त्या व्हिडिओंमागे वडील आहेत का, हे तुम्ही एकदा त्यांना प्रेमाने विचारावे असे मला मनापासून वाटते.

विचारताना एक गोष्ट हाताशी ठेवा. प्रभूच्या पुनरागमनाविषयी नव्या करारातले जे सर्वांत जुने लिखाण आपल्यापाशी आहे, ते अशाच शोकातून आलेले आहे. इसवी सन ५० च्या सुमारास थेस्सलनीका येथील नव्या मंडळीतील काही जण मरण पावले, आणि मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला की प्रभू येईल तेव्हा हे आपले लोक त्याला मुकणार की काय. पौलाने त्यांना कोणतेही कोष्टक मांडून दिले नाही. जे ख्रिस्तामध्ये झोपी गेले आहेत ते पहिल्याने उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर ढगांत घेतले जाऊ, आणि मग सर्वकाळ प्रभूजवळ राहू, असे त्याने लिहिले आणि पुढे सांगितले की या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. ढगांत घेतले जाण्याविषयीचे जे वचन व्हिडिओंमध्ये धाक घालण्यासाठी वापरले जाते, ते मुळात एका दुःखी मंडळीचे डोळे पुसण्यासाठी लिहिलेले आहे. तुमचे सासरे त्या वचनात आहेत. जो मुलगा वेळेवर पोहोचला नाही, त्यालाही त्यात जागा आहे.

आता मुलाच्या वाक्याकडे येते. प्रभू गुपचूप येऊन विश्वासणाऱ्यांना उचलून नेईल आणि बाकीचे मोठ्या संकटासाठी मागे राहतील, ही मांडणी आज इतकी पसरली आहे की अनेकांना तीच ख्रिस्ती शिकवण वाटते. वस्तुतः ती जॉन नेल्सन डार्बी यांच्या उपदेशांतून १८३० च्या दशकात पुढे आली आणि १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसहित बायबलमुळे घरोघर गेली. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन आणि इतर अनेक मंडळ्या येशूचे येणे मानतात, न्याय मानतात, मेलेल्यांचे पुनरुत्थान मानतात. परंतु असे दोन टप्प्यांतले येणे त्या शिकवत नाहीत. ज्यांचा या मांडणीवर प्रामाणिक विश्वास आहे असे कित्येक भाविक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मात्र त्यांच्यापैकी कोणीही सुज्ञ माणूस हे मान्य करील की प्रभू लेकराला विसरून आईला घेऊन जातो, असे चित्र मुलाच्या मनात उभे राहू देणे हे पाप आहे. बालकांना दूर सारणाऱ्या शिष्यांना अडवणारा आणि त्या बालकांना उचलून कवेत घेणारा येशू हाच येणारा येशू आहे. निरोपाच्या रात्री त्याने आपल्या लोकांना सांगितले की मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही. मुलाला हे वाक्य पाठ करून घ्या.

यजमान बातम्यांत चिन्हे शोधतात, त्याबद्दल त्यांची थट्टा करू नका आणि मुलांसमोर त्यांचे म्हणणे खोडूनही काढू नका. त्यांच्यासोबत मत्तयाचा चोविसावा अध्याय सावकाश, सलग वाचा. लढाया, दुष्काळ आणि भूकंप यांचा उल्लेख येशूने केला, तो 'घाबरू नका' असे सांगून आणि एवढ्यात शेवट नाही असे बजावून केला. या सर्वांना त्याने वेदनांचा प्रारंभ म्हटले. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, हेही त्याच अध्यायात आहे. तरीही माणसांनी तारखा काढल्या. विल्यम मिलर या अमेरिकी प्रवचनकारांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र आकाशाकडे डोळे लावून काढली, कित्येकांनी शेतातले पीकही काढले नव्हते, आणि सकाळ झाल्यावर ते ढसाढसा रडले. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ प्रवचनकारांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती टळल्यावर त्याच वर्षीची २१ ऑक्टोबर सांगितली, आणि २०१२ साली अशी तारीख सांगणे पाप होते असे स्वतः कबूल केले. पण तोपर्यंत त्यांच्या शब्दावर काहींनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातींसाठी देऊन टाकली होती. ही माणसे ढोंगी होती असे मी म्हणत नाही. पित्याने स्वतःकडे ठेवलेली गोष्ट आपल्या मुठीत यावी असे त्यांना वाटले, आणि किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजली.

मुलीच्या फीचा प्रश्न इथेच येतो, आणि याबाबत मी स्पष्ट बोलते. ते पैसे पुन्हा बाजूला टाकायला सुरुवात करा, आणि अर्ज मुदतीच्या आत भरा.

यासाठी आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायाइतका जवळचा आधार दुसरा नाही. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये यरुशलेमेतील लोकांना धरून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेण्यात आले. तिथे ते पेट्या न उघडता बसले होते असे म्हटले तर चालेल, कारण हनन्या नावाच्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या मंदिरात सर्वांदेखत सांगितले होते की दोन वर्षांत सगळे परत येईल, आणि ते पटवण्यासाठी यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडले होते. लोकांना हवे होते तेच तो बोलला. यिर्मयाने मात्र बाबेलला पत्र पाठवले की घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात देवाने तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. परत येण्याचे वचन त्याच पत्रात आहे, पण सत्तर वर्षांनंतरचे. म्हणजे ते पत्र हाती पडलेल्या बहुतेक प्रौढांनी ते वचन आपल्या डोळ्यांनी पुरे झालेले पाहिले नसणार. त्यांनी लावलेल्या झाडांची फळे नातवंडांनी खाल्ली असतील. आशा एवढी लांबची असूनही, किंबहुना ती लांबची आणि खात्रीची असल्यामुळेच, त्यांना मुलांची लग्ने करायला सांगितले होते. सतरा वर्षांच्या मुलीने पुढची चार वर्षे काय शिकावे याचा विचार करणे हे याच आज्ञेत बसते.

थेस्सलनीकातही हाच प्रश्न निर्माण झाला होता. प्रभूचा दिवस आलाच आहे असे ऐकून काही जण गडबडले, आणि त्या मंडळीत कामधंदा सोडून इतरांच्या जिवावर राहणारेही होते. पौलाने पहिल्या पत्रात त्यांना शांतपणे राहून आपल्या हातांनी काम करण्यास सांगितले होते, आणि दुसऱ्या पत्रात तो अधिक कडक झाला. येशूचा स्वतःचा दृष्टांत तर याहूनही साधा आहे. धनी येईल तेव्हा ज्या दासाला धन्य म्हटले आहे तो काय करताना सापडतो? घरातल्या माणसांना वेळेवर जेवण देताना. मला या उत्तराचे दरवेळी नवल वाटते. यजमानांना हे वचन दाखवा, कारण त्यांच्या मनात धन्याविषयी खरी ओढ आहे आणि ती ओढ कुठे लावावी हे त्यांना इथे सापडेल. १७८० साली १९ मे रोजी उत्तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात वणव्यांच्या धुरामुळे भरदिवसा काळोख पसरला, तेव्हा न्यायाचा दिवस उगवला या भीतीने कनेक्टिकटच्या सभागृहात कामकाज थांबवण्याची मागणी झाली. अब्राहम डॅव्हनपोर्ट नावाचे सभासद म्हणाले की तो दिवस आला नसेल तर थांबण्याचे कारण नाही, आणि आला असेल तर मी माझे कर्तव्य करताना सापडलेले बरे, तेव्हा मेणबत्त्या आणा. तुमच्या घरात आज मेणबत्त्या आणणे म्हणजे तो अर्ज भरणे.

प्रकटीकरणाचे पुस्तक घरातून हद्दपार करू नका. ते लिहिणारा योहानही पात्म बेटावर, आपल्या माणसांपासून दूर होता, आणि छळ सोसणाऱ्या सात मंडळ्यांना धीर यावा म्हणून त्याने लिहिले. फक्त तेरावा अध्याय आणि त्यातला श्वापदाचा ६६६ हा आकडा एवढ्यावर न थांबता पुढचे पान उलटा. तिथे कोकऱ्याचे, म्हणजे येशूचे, आणि त्याच्या पित्याचे नाव कपाळावर लिहिलेले लोक आहेत. सातव्या अध्यायात सर्व राष्ट्रांचे, वंशांचे आणि भाषांचे लोक राजासनासमोर उभे आहेत, म्हणजे आपली मराठीही तिथे आहे. मुलांना हे जरूर सांगा, कारण परक्या देशात आपली भाषा कोणासाठी सांभाळायची हा प्रश्न त्यांना पडतो. आणि एकविसाव्या अध्यायात नगर आकाशातून खाली उतरते, देव माणसांत येऊन राहतो आणि त्यांच्या डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसतो. बायबलचा शेवट पृथ्वी सोडून पळण्यात होत नाही. म्हणूनच पौल पुनरुत्थानाचा मोठा अध्याय संपवताना तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत असे लिहितो.

व्यवहाराचे थोडे सांगते. रात्री झोपण्याआधी हे विषय नकोत, आणि मुले समोर असताना व्हिडिओ नकोत, एवढे दोघांनी मिळून ठरवा. आपल्या पाळकांना घरी बोलवा आणि सासऱ्यांच्या स्मरणार्थ एक छोटी प्रार्थनासभा ठेवा. वर्ष उलटून गेले असले तरी चालेल, आणि वडिलांविषयी यजमानांना बोलू द्या, मध्ये कोणी उपदेश करू नये. त्यांची झोप उडाली असेल किंवा मुलाची भीती काही आठवड्यांत ओसरली नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाला कमीपणा येत नाही.

आणि मुलासाठी आजच एक करा. त्याच्या बाबांनाच त्याच्याजवळ बसून सांगू द्या की येशू येईल तेव्हा तो तुला नावाने ओळखतो, आणि मी जे बोललो त्याने तू घाबरलास याचे मला वाईट वाटते. वडिलांनी मुलाची क्षमा मागितलेली त्याला आयुष्यभर आठवेल. त्यानंतर काही दिवस तो शाळेतून यायच्या वेळी तळघरात जावे लागले, तर आतल्या दारावर एक चिठ्ठी लावून ठेवा: 'मी खाली आहे, हाक मार.'

तुमची,
ताई