उन्हाळ्यातला सराव आन् पोट्ट्यायचा जीव

प्रश्न: भाऊ, आमच्या गावात मे महिन्यात कबड्डीचा कॅम्प असते, पोट्टे दुपारपर्यंत पळतेत. अमेरिकन फुटबॉलमंदी सीझन नसताना सरावावर बंधनं हायेत म्हणे, खरं काय?
— एक वाचक, वरोरा तालुका

उत्तर: खरं हाय. एनएफएलमंदी, म्हंजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमंदी, खेळाडू आन् संघमालकायच्या २०११ च्या करारानं ऑफसीझन (सीझन नसतानाचा) कार्यक्रम ९ आठवड्यायवर आणला, तोही बहुतेक ऐच्छिक, त्यात पॅड (अंगावरचं संरक्षक कवच) घालून भिडणं बंद, आन् कॅम्पमंदी दिवसातून दोनदा पॅडवाला सराव होता तोही गेला. याच लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्स संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर २००१ च्या ऑगस्टमंदी कॅम्पमंदीच उष्माघातानं गेला, २७ वर्षांचा गडी, डॉक्टर-ट्रेनर सगळे असताना! मंग आपल्या नवतप्यात, जिथं पारा ४५ च्या वर जाते, तिथं पोट्ट्यायले अकरा वाजता काऊन पळवता? सराव सकाळी आठच्या आत संपवा, पहिले एक-दोन आठवडे हळूहळू वाढवा, पाणी मागितलं का कोणी रागवू नका. आन् पोरगा बरळायले लागला, झोकांड्या खायले लागला तर गाडीची वाट पाहत बसू नका, तिथंच थंड पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, १०८ ले फोन त्याच वेळी दुसऱ्यानं करावा.