सांगलीच्या पोराला मोठ्या संशोधन केंद्रात कोण विचारतं?

प्रश्न असा आहे : "ऊर्जा, मटेरियल्स आणि पर्यावरण या विषयांतली सामायिक संशोधन केंद्रं म्हणजे नक्की काय? मी सांगलीत बीएस्सी करतोय. माझ्यासारख्याला तिथं कोण विचारणार?"

विचारतात. मला विचारलं, आणि मी तासगाव तालुक्यातला. ज्या कॉलेजात शिकलो तिथलं सगळ्यात महागडं यंत्र कायम प्लास्टिकच्या कव्हराखाली असायचं, आणि कव्हर काढायचा मान फक्त सरांचा.

केंद्र म्हटलं की आपल्याला इमारत दिसते. प्रत्यक्षात ती एक व्यवस्था असते. बॅटरीचंच घ्या. भुकटी केमिस्ट बनवणार, तिची स्फटिकरचना फिजिक्सवाला बघणार, चार्जिंगचा हिशोब इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाला मांडणार आणि बॅटरी मेल्यावर तिच्यातले धातू कुठल्या ओढ्याला जाणार हे पर्यावरणवाला. एका डिपार्टमेंटचा हा घास नव्हे. म्हणून अनेक गट एका प्रश्नाला बांधून घेतात. जर्मनीत 1968 पासून असे गट सरकारी पैशावर चालतात. चार-चार वर्षांचे हप्ते, आणि जास्तीत जास्त 12 वर्षांनी दुकान बंद. हा नियम मला फार आवडतो, आपल्याकडे एकदा लागलेली पाटी सहसा उतरत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2009 मध्ये एका दमात 46 ऊर्जा-केंद्रं काढली. सौरऊर्जेसाठी 2012 मध्ये भारत-अमेरिकेचं एक जोडकेंद्र निघालं, आपल्या बाजूने बंगळुरूची आयआयएस्सी पुढे होती.

आपल्याकडे जास्त चालते ती दुसरी तऱ्हा : महागडं यंत्र एका जागी ठेवायचं आणि सगळ्या विद्यापीठांना उघडं करायचं. दिल्लीत 1984 मध्ये यूजीसीचं असं पहिलं केंद्र झालं, कणांच्या त्वरकासाठी, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी. इंदूरला यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचं मिळून एक केंद्र आहे. तिथेच राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 आहे, साधारण 172 मीटर घेराचं कडं, ज्यात 2.5 जीईव्ही (अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात.

आता माझी गोष्ट. शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्समध्ये रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवायची जुनी परंपरा आहे. बीकर, हॉटप्लेट, स्टीलची पट्टी, संपलं. (याच भांडवलावर आमची निम्मी मंडळी कोरियाला पोचली.) मी सुपरकपॅसिटरसाठी (झटक्यात चार्ज होणारं, वीज साठवायचं साधन) मँगनीज ऑक्साइडचे थर बसवायचो, विहिरीत टाकतात त्याच परमँगनेटपासून. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघणं) आणि सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) कोल्हापुरातच व्हायचं. तिथली मध्यवर्ती सुविधा आम्ही सगळे 'सीएफसी' म्हणतो. पण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर मँगनीजच्या अणूभोवतीचा ऑक्सिजन सरकतो का, हे कळायला इंडस लागतं. अर्ज केला, आणि मंजूर झाला! तीन दिवसांचा बीमटाइम, म्हणजे ते किरण वापरायची वेळ.

सांगलीहून पुणे, पुण्याहून इंदूर. पट्ट्या प्लास्टिकच्या डबीत, सोबत बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. आईला वाटलं पोरगं मुलाखतीला चाललंय, तिने दशम्या दिल्या.

बीमलाइनवरच्या (कड्यातून किरण बाहेर काढून मोजमाप करायची जागा) सरांनी पट्टी चिमट्यात धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "स्टील कुठलं?" म्हटलं, 304 (स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे 'एसएस'चा एक प्रकार). ते हसले. त्या स्टीलमध्ये 2 टक्क्यांपर्यंत मँगनीज असू शकतं. माझा थर मायक्रॉनभर जाडीचा, किरण तो पार करून खाली स्टीलमध्ये जाणार, आणि तिथलं मँगनीजही तितक्याच उत्साहाने उत्तर देणार. मोजमाप आलं असतं, आलेखही छान दिसला असता, आणि मी पट्टीच्या मँगनीजवर पेपर लिहिला असता. दोन वर्षं रोज त्या पट्ट्या हाताळल्या. ना मला सुचलं, ना आमच्या लॅबमध्ये कुणाला, कारण आम्ही सगळे स्टीलवरच थर बसवणारे.

मग रात्रभर ब्लेडने पट्ट्या खरवडत बसलो. सगळ्या मिळून नखावर मावेल एवढी भुकटी निघाली. ती बोरॉन नायट्राइडमध्ये (किरणांना फारसं न अडवणारी भुकटी) मिसळून गोळी दाबली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किरण तिच्यातून आरपार सोडले. एक दिवस वाया गेला, पण पीएचडी वाचली. तेव्हापासून कुणी मला केंद्राचा उपयोग विचारला की मी कड्याचा घेर सांगत नाही, "स्टील कुठलं?" हा प्रश्न सांगतो.

तुम्हाला इंदूरपर्यंत जायचीही गरज नाही. कराडला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्सची, म्हणजे खोल भोकं पाडून जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणारी, प्रयोगशाळा आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तुमच्या आजी-आजोबांना विचारा. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण ते हेच. ते धक्के जिथे जन्मतात तिथल्या खडकाच्या जवळ जायचं म्हणून कोयना भागातल्या गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. त्यात हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकी संशोधन संस्था आहे, परदेशी शास्त्रज्ञही आहेत. 1,960 मेगावॅट वीज देणारा प्रकल्प आणि त्याच्याखाली हलणारी जमीन : ऊर्जा आणि पर्यावरण एकाच प्रश्नात बसवायचे तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा 2012 पासून आहे. पावसाळ्यात ढगच दारात येतात, विमान उडवावं लागत नाही.

तुम्ही बीएस्सीला आहात, तर आत्ता एवढंच करा : आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेलं. देशात कुठलं यंत्र कुठे आहे ते त्यावर सापडतं. संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने मोठ्या संस्थेला लहान विद्यापीठं जोडायची योजनाही आणली आहे, तिच्यावर नजर ठेवा. नुसत्या फलकाला भुलू नका. रिबन कापलेलं, पण चालवणारा माणूस नेमला नाही म्हणून धूळ खाणारं यंत्रही मी पाहिलंय. फोन करून आधी ऑपरेटर आहे का, ते विचारा. साहेबांशी नंतर बोललात तरी चालेल.

आणि अर्ज भरताना थर कशावर बसवलाय हे विचारणारा रकाना येईल. मी त्यात तेव्हा फक्त 'एसएस' लिहिलं होतं.