दारू पिऊन घोड्यावर बसलं तर ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ची केस होते का?

तुम्ही विचारलंय की वरातीआधी नवरदेवाने दोन पेग मारले आणि पोलिसांनी अडवलं, तर काय होईल. वकिली करतो, म्हणून उत्तर देतो.

‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 185. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण हे फक्त मोटार वाहनाला. घोडा काय, टांगा काय, त्यात बसतच नाही.

म्हणून लगेच ग्लास भरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (जुनं भादंवि 279) गाडीवाल्याइतकंच स्वारालाही लागतं. रस्त्यावर लोकांच्या जिवाला धोका होईल असा घोडा हाकला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे रक्तातल्या आकड्याला अर्थ नाही, तुम्ही घोडा कसा हाकलात ते बघतात. शिवाय महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचं कलम 85 आहेच. रस्त्यावर नशेत तोल सुटला किंवा धिंगाणा घातला की ते लागतं, मग तुम्ही घोड्यावर असा नाहीतर पायी.

आता वरातीचं. तिथे लगाम बहुतेक घोडेवाल्याच्या हातात असतो, नवरदेव नुसता फेटा सांभाळत बसलेला. माझ्या मते अशा वेळी त्याच्यावर 281 टिकवणं अवघड आहे. उलट कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, घोडा बिथरून वऱ्हाडात घुसला, तर जनावर नीट आवरलं नाही म्हणून कलम 291 खाली घोडेवालाच अडकू शकतो. बिचारा बहुधा एकटाच शुद्धीवर असतो!

खरी गोची नुकसानभरपाईची. गाडीचा अपघात असता तर मोटार अपघात न्यायाधिकरण आणि थर्ड पार्टी विमा असतो. घोड्याने कुणाचा पाय मोडला तर जखमीला साधा दिवाणी दावा लावावा लागतो, आणि ज्याची चूक ठरेल त्याला पैसे खिशातून भरावे लागतात.

इंग्लंडमध्ये मात्र सरळ तरतूद आहे. तिथल्या 1872 च्या कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर दारूच्या नशेत घोडा ताब्यात असणं हाच गुन्हा, आणि ते कलम अजून चालू आहे.

नवरदेवाला पेग घ्यायचाच असेल तर घोड्यावरून उतरल्यावर द्या.