माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि २६ एप्रिल १९९९

प्रश्न असा आहे: "सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी माळ्यावर १९९८ साली घेतलेला असेंबल्ड कॉम्प्युटर पडून आहे. १९९९च्या उन्हाळ्यात व्हायरसनं तो जळाला, असं वडील सांगायचे. पंखा फिरायचा, पण स्क्रीनवर काहीच यायचं नाही. आजोबांच्या आठवणी वडिलांनी त्यात टाइप केल्या होत्या. तेव्हाचे व्हायरस खरंच कॉम्प्युटर जाळायचे का? आता त्यातून काही निघेल का?"

जळत काही नव्हतं. निघण्याची शक्यता आहे, आणि ती बऱ्यापैकी आहे. पण हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तो कॉम्प्युटर चालू करू नका आणि त्यातली हार्डडिस्क कुणाच्याही हातात देऊ नका.

१९९६पासून बारा वर्षं सांगलीतच, विश्रामबागेत, माझं दुकान होतं. कॉम्प्युटर जोडून द्यायचे, विंडोज टाकायची, दुरुस्ती करायची. तुमच्या वडिलांनी सांगितलेलं लक्षण मी एका दिवसात इतक्यांदा ऐकलंय की तारीख विचारायचीही गरज नाही. २६ एप्रिल १९९९, सोमवार. व्हायरसचं नाव सीआयएच. चेन इंग-हाव नावाच्या तैवानमधल्या विद्यार्थ्यानं तो १९९८ साली लिहिला आणि स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्याला दिली. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तीही २६ एप्रिललाच, १९८६ साली. त्यामुळे लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले.

तोवर आम्हाला एक ढोबळ सवय होती. प्रोग्रामच्या फाइलचा आकार वाढलेला दिसला की व्हायरस लागला असं समजायचं. सीआयएच जेमतेम एक केबीचा होता. विंडोजच्या प्रोग्राम फाइलमध्ये मधे मधे रिकाम्या जागा असतात, तो स्वतःचे तुकडे करून त्या जागांमध्ये बसायचा. आकार एका बाइटनंही वाढत नसे. गेमच्या कॉपी केलेल्या सीडी तेव्हा हातोहात फिरायच्या, त्यातून तो घरोघरी गेला आणि महिनोन्‌महिने काही न करता बसून राहिला.

त्या दिवशी त्यानं दोन घाव घातले. पहिला हार्डडिस्कवर: सुरुवातीचा साधारण एक एमबी भाग शून्यांनी भरून टाकला. दुसरा मदरबोर्डवरच्या बायॉस चिपवर. कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम चालतो, तो या चिपमध्ये असतो. पूर्वी ती चिप नुसती वाचता यायची. नंतर बोर्डवरच नवा बायॉस भरता यावा म्हणून फ्लॅश चिप आल्या, आणि ज्या सोयीनं आपण लिहू शकत होतो त्याच सोयीनं व्हायरसही लिहू शकला. मुख्यतः इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर हा घाव बसला, आणि ९७-९८ साली घरगुती मशीनमध्ये आम्ही सगळे तेच बोर्ड घालत होतो. काही बोर्डांवर लिहिणं बंद करणारा जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, होता, पण त्यानं लिहिणं बंद करून ठेवावं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

बायॉस गेला की पंखा फिरतो, डिस्कचा आवाज येतो, पण बीप नाही आणि डिस्प्ले नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला आणि बऱ्याच मेकॅनिकांनाही बोर्ड जळाला असंच वाटायचं. चिप आणि बोर्ड दोन्ही धडधाकट असायचे, फक्त चिपमधला मजकूर बिघडलेला असायचा. चिप सॉकेटमध्ये असली तर आम्ही ती जिवंत करायचो. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीच्या, फ्लॉपीवर चालू करायचा. बायॉस तोवर रॅममध्ये उतरलेला असतो, म्हणून चालू मशीनमधूनच चांगली चिप हळूच उपटायची, त्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यात बायॉस पुन्हा भरायचा. पिन वाकडी गेली की दोन्ही बोर्ड गेले. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पंख्याखाली बसूनही शर्ट घामानं भिजला होता. चिप बोर्डाला डाग देऊन बसवलेली असली तर मात्र आमच्याकडे इलाज नव्हता, बोर्डच बदलावा लागायचा. "जळाला" हा शब्द तुमच्या घरात तिथूनच आला असावा.

पण तुम्हाला बोर्ड नको आहे, आठवणी हव्या आहेत. म्हणून डिस्कचं नीट सांगतो.

मार्केट यार्डात अडत्याची वखार बघितली असेल. हळदीची पोती थप्पी लावून ठेवलेली असतात आणि कुठलं पोतं कुणाचं हे वहीत असतं. सीआयएचनं वही फाडली. पोत्यांना हात लावला नाही. डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता असतो आणि त्यामागे फॅट, म्हणजे कुठली फाइल कुठल्या कप्प्यात आहे याची नोंद. ही नोंद डिस्कवर एकापाठोपाठ एक अशी दोनदा लिहिलेली असते. आता खरी मेख इथं आहे. जुन्या पद्धतीच्या फॅट१६ मध्ये एक प्रत जास्तीत जास्त १२८ केबीची. म्हणजे दोन्ही प्रती आणि मुख्य फोल्डरची यादी, सगळं त्या पहिल्या एक एमबीतच यायचं आणि जायचं. फॅट३२ मध्ये दोन जीबीच्या डिस्कवर एकच प्रत सुमारे दोन एमबीची होते. त्यामुळे व्हायरसनं पहिली प्रत अर्धीमुर्धी पुसली, दुसरी प्रत तिच्यामागे शाबूत राहिली. आणि ज्यांनी डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले होते, त्यांच्या डी ड्राइव्हला तर धक्काही लागला नव्हता. मशीनला तो दिसत नव्हता इतकंच.

हे त्या सोमवारी सकाळी मला माहीत नव्हतं.

पहिलं मशीन आलं ते मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांचं. त्यांचा बायॉस वाचला होता. स्क्रीनवर 'डिस्क बूट फेल्युअर' एवढंच. बाहेर आणखी चार जण मशीन घेऊन उभे होते. मी सवयीनं एफडिस्क चालवलं, म्हणजे डिस्कचे भाग नव्यानं पाडले, फॉरमॅट मारलं, विंडोज ९८ टाकायला सुरुवात केली आणि पुढचं मशीन उघडलं. सर बाकावर बसून होते. जत आणि कवठेमहांकाळकडच्या गावांत फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, तीन वर्षं रोज संध्याकाळी बसून टाइप केल्या होत्या. ते मला त्यांनी विंडोज टाकून झाल्यावर सांगितलं, कारण मी आधी विचारलंच नव्हतं. फॉरमॅटनं फॅटची दुसरी, वाचलेली प्रतही कोरी केली आणि विंडोजच्या फाइली त्यांच्या ओव्यांवर जाऊन बसल्या. व्हायरसनं जे सोडलं होतं ते मी पुसलं.

दुपारी पुण्याहून मित्राचा फोन आला: "कुणाचीच डिस्क फॉरमॅट मारू नकोस, डेटा मागे शिल्लक आहे." पुढच्या काही दिवसांत स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रामरनं फिक्स-सीआयएच नावाचा छोटा प्रोग्राम फुकट देऊ केला. फॅट३२ची दुसरी प्रत शोधून तो डिस्क पुन्हा उभी करायचा. मित्रानं तो फ्लॉपीवर घालून रात्रीच्या एसटीनं पाठवला. गणपती पेठेतले एक काका घरीच डीटीपी करायचे, ऐन लग्नसराईत त्यांच्या पत्रिकांची सगळी कामं अडकली होती. त्यांनी मशीन पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांची डिस्क चाळीस मिनिटांत जशीच्या तशी उघडली. सरांकडे अर्ध्या वह्या शिल्लक होत्या, तेवढ्याच ओव्या पुन्हा टाइप झाल्या. बाकीच्या ओव्या ज्या बायकांनी सांगितल्या, त्यांतल्या काही तोवर गेल्याही होत्या.

म्हणून तेव्हाचे व्हायरस खरंच नासधूस करायचे का, याचं माझं उत्तर असं: करायचे, पण माझ्या डोळ्यांदेखत जेवढा डेटा कायमचा गेला, त्यातला बराचसा घाईच्या उपायानं गेला. हे फक्त सीआयएचचं नाही. डॉसच्या दिवसांत १९९१ साली डीर-२ नावाचा बल्गेरियन व्हायरस आला. सगळ्या प्रोग्राम फाइलींचा पत्ता बदलून तो त्यांना स्वतःकडे वळवायचा आणि खरा पत्ता सांकेतिक रूपात जपून ठेवायचा. मशीन व्यवस्थित चालायचं. तुम्ही शहाणपणानं स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन चालू करून चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम दुरुस्तीला लावला, की ते सगळे पत्ते 'चूक' ठरून सगळे प्रोग्राम कायमचे जायचे. त्याचा खरा इलाज उलटा होता: व्हायरस जागा असतानाच फाइलींच्या नावांचं शेपूट बदलायचं, म्हणजे तो स्वतःच खरे पत्ते परत लावून द्यायचा. मग स्वच्छ फ्लॉपीवरून चालू करून नावं पूर्ववत करायची. १९९४चा वन हाफ याहून वाईट. मशीन चालू होईल तसतशी तो डिस्क शेवटाकडून थोडी थोडी कुलूपबंद करत यायचा आणि किल्ली डिस्कच्या पहिल्या भागात, स्वतःजवळ ठेवायचा. तो आहे तोवर फाइली उघडायच्या. कुणी एफडिस्कच्या एका आज्ञेनं तो पहिला भाग स्वच्छ केला की व्हायरसबरोबर किल्लीही गेली.

आपल्याकडचा जोशी व्हायरसही लोकांना आठवत असेल. १९९०च्या सुमारास भारतातच निघालेला. ५ जानेवारीला 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा आणि टाइप केलं की गप्प बसायचा. व्हायरस म्हणजे फार तर त्रास, नुकसान नाही, असा समज जोशीसारख्यांमुळेच पसरला होता. आणि इथं एक गोष्ट अभिमानानं सांगतो. क्विक हील काढणारे कैलास काटकर मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, रहिमतपूर भागातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून ते कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनंच बिघडलेली असतात हे दिसल्यावर धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहायला घेतले. दुकानातल्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघितलेल्या माणसांनी ते काम केलं, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

आता तुमच्या मशीनकडे. माळ्यावर ठेवलंत हे फार चांगलं झालं, गावभागात खाली असतं तर २००५ नाही तर २०१९च्या पुरात गेलंच असतं. डिस्कची सुरुवात पुसलेली आहे असं धरूनच चाला. जुना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पंचवीस वर्षांनी भरवशाचा राहत नाही, म्हणून मशीन चालू न करता कॅबिनेटमधून फक्त हार्डडिस्क काढा. उचलताना आपटू देऊ नका. आयडीई (त्या काळच्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी जोडणारा अडॅप्टर मिळतो, त्याच्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच घ्या, कारण या डिस्कना नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही. आजच्या विंडोजला जोडलीत की ती लगेच 'इनिशिअलाइझ करायची का' किंवा 'फॉरमॅट करायची का' असं विचारेल. प्रत्येक वेळी नाही म्हणा. जमलं तर लिनक्सवर जोडून डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामनं आधी पूर्ण डिस्कची नक्कल दुसरीकडे काढून घ्या आणि मूळ डिस्क परत गुंडाळून ठेवा. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. टेस्टडिस्क नावाचा फुकट प्रोग्राम हरवलेली पार्टिशन शोधतो आणि फॅट३२ असेल तर सुरुवातीचा पुसलेला भाग पुन्हा बांधायला मदत करतो. डिस्क फॅट१६ची निघाली तर त्याच्याच जोडीचा फोटोरेक वापरा, तो नोंदवहीशिवाय थेट पोती चाचपतो. फाइलींची नावं मिळणार नाहीत, पण आत काय आहे ते मिळू शकतं. व्हायरसची भीती बाळगू नका, सीआयएच फक्त विंडोज ९५, ९८ आणि एमईवर चालायचा. त्यानंतरच्या विंडोजवर त्याची युक्ती लागू पडत नाही.

आणखी एक. फाइल सापडली आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस असा निरर्थक मजकूर दिसला तर ती खराब झाली असं समजू नका. त्या काळी मराठी टायपिंग श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं, युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत, घरात पोचलं नव्हतं. तो फॉन्ट नसला की मराठी अशीच दिसते. वडील कुठल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे ते त्यांच्या जुन्या छापील कागदांवरून, फ्लॉपीवरच्या चिठ्ठ्यांवरून शोधा. त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. ते सापडलं नाही तर मजकुराच्या पहिल्या दोन ओळी इथं खाली टाका, मी ओळखून सांगतो. तोवर ती फाइल डिलीट करू नका.