मोबाइल नाही म्हणून मुलगी मागे पडते का?

"मोबाइल घेऊन दिला तर पोरगी बिघडेल, नाही दिला तर मागे पडेल. मग करायचं काय ओ मॅडम?" समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच पालक हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतात. गेल्या वर्षी तो घेऊन सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातील, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतील, एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसह आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई घरी विड्या वळतात. घरात तेलुगू बोलली जाते. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. मुलगी दर रविवारी शहरात भरणाऱ्या एका युवा उपक्रमात पथनाट्य शिकत होती आणि सुरुवातीचे काही महिने तिथल्या गमती घरभर सांगत होती. पुढे मात्र रविवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले आणि बारा वाजून गेले की ते आपोआप थांबू लागले. डॉक्टरांना काही आढळले नाही, तेव्हा हे सगळे मोबाइलसाठीचे रुसणे असावे, असा आईंचा समज झाला.

पहिल्या दोन भेटींत मुलगी फारसे बोलली नाही. तिसऱ्या भेटीत मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि उपक्रमाच्या सरांचा निरोप तिच्यापर्यंत कसा पोचतो, त्याची वाट काढून दाखवायला सांगितले. तिने चार चौकोन काढले: सर, ग्रुप, दादा, मी. 'दादा'च्या चौकोनात तिने बारीक अक्षरांत लिहिले, 'झोप'. भाऊ यंत्रमागावर रात्रपाळी करतो, फोन त्याच्याबरोबर कारखान्यात जातो, आणि सकाळी तो परतला की फोन चार्जिंगला लागतो आणि भाऊ झोपतो. एका रविवारी तालमीची जागा बदलली, तसा निरोप शनिवारी रात्री ग्रुपवर आला. ही मुलगी जुन्या जागी कुलूप लावलेल्या दारासमोर दीड तास उभी राहिली आणि घरी येऊन कोणाला काही बोलली नाही. त्यानंतर पुण्याच्या शिबिराला कोण येणार, हे विचारणारा पोल रात्री साडेनऊला ग्रुपवर पडला आणि सकाळी सातला बंद झाला. ज्यांनी मत दिले नाही त्यांची इच्छा नाही, असे धरले गेले. तिचे नाव यादीत नव्हते, आणि 'तुला यायचंच नव्हतं ना?' असे एका मैत्रिणीने विचारले तेव्हा तिला उत्तर सुचले नाही. पोटदुखी त्या रविवारपासूनची.

आणखी एक गोष्ट तिने खाली मान घालून सांगितली. ग्रुपमध्ये तिच्या नावाऐवजी भावाचे नाव आणि त्याच्या मोटारसायकलचा फोटो दिसत असे. शिबिराच्या जागी मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, एवढेच तिला विचारायचे होते. पण भाऊ वाचेल म्हणून तिने ते कधी लिहिले नाही. घरात फोन आहे म्हणजे मुलीपर्यंत निरोप पोचतो, असे आपण सहज धरून चालतो, आणि घरच्या एका फोनवर मुलीला स्वतःचे असे काही बोलता येत नाही, हे मात्र आपल्या ध्यानातही येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया तर एक तृतीयांशच होत्या.

इथे माझीही एक चूक झाली. मी आधी घरालाच वेळापत्रक आखून दिले, की भावाने कामावरून आल्यावर अर्धा तास फोन बहिणीला द्यावा. आठवडाभर ते जमले. मग अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज संपला आणि पगार व्हायला चार दिवस बाकी होते. (या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात, हे आईंनी मला बोटांवर मोजून दाखवले.) दुरुस्ती घराऐवजी उपक्रमाने करायला हवी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

मुलीची आणि आईंची परवानगी घेऊन मी उपक्रमाच्या समन्वयकांशी बोलले. "ग्रुपवर टाकलं होतं की, सगळ्यांना," हे त्यांचे पहिले वाक्य. माणूस मनापासून काम करणारा होता. आपला निरोप कुठे अडकतो, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मी त्यांना सुचवले की 'मोबाइल आहे का?' असे मुलांना विचारू नका, कारण लाजेपोटी पुष्कळ मुले 'आहे' म्हणतात. त्याऐवजी 'निरोप तुझ्यापर्यंत कसा पोचतो, आणि किती वाजता?' असे प्रत्येकाला एकट्याने कागदावर लिहू द्या. कागद गोळा झाले तेव्हा निम्म्याहून अधिक मुले दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून असल्याचे दिसले.

त्यानंतरची व्यवस्था अगदी साधी होती. पुढच्या रविवारची वेळ आणि जागा त्याच दिवशी फळ्यावर लिहून मुलांनी वहीत उतरवून घ्यायची. ऐनवेळी बदल झाला तर संदेशावर न थांबता फोन करायचा, आणि ज्या घरी मराठी वाचणारे कोणी नाही तिथे तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या स्वयंसेवकाने बोलायचे. ज्या घरी फोन लागत नाही, त्या गल्लीतील एका मुलाने निरोप घेऊन जायचे. सहल, शिबिर, भूमिका यांची निवड समोरासमोर बसून करायची, आणि ग्रुपवर उत्तर आले नाही म्हणजे नकार, असे कधीही धरायचे नाही. ग्रुप बंद करण्याची गरज नव्हती; मात्र त्यात दोन जबाबदार मोठी माणसे असावीत आणि मुलांशी खासगी गप्पा होऊ नयेत, एवढे मी आग्रहाने सांगितले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. म्हणून मुलांचे क्रमांक आणि फोटो गोळा करताना पालकांना विचारणे ही औपचारिकता समजू नये, हेही त्यांच्या कानावर घातले.

पुण्याचे शिबिर मात्र होऊन गेले होते. त्याची भरपाई कशानेच झाली नसती. मी समन्वयकांना एवढेच म्हटले की चूक तिची नव्हती, हे तिला तुम्ही स्वतः सांगा. त्यांनी ते तालमीनंतर जिन्यात उभे राहून, काहीसे अवघडून सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि वहीत पुढच्या रविवारची वेळ लिहू लागली.

मोबाइलचे काय, हे आईंनी शेवटच्या भेटीत पुन्हा विचारलेच. मी म्हटले, अकरावीला गेल्यावर अभ्यासासाठी लागला तर तेव्हा बघा. घेतलात तर रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचा, हे तिच्याशी आधीच बोलून ठरवा. पथनाट्यासाठी मात्र तो घ्यावा लागणार नाही. आईंनी मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "मला आपल्या गल्लीतल्या तिघींना निरोप द्यायचाय, उशीर होतोय, चल की."