प्रस्तावना किती लांबवायची?

प्रश्न: माझा पेपर ५००० शब्दांचा आहे, त्यात प्रस्तावनाच १५०० ची झालीय, गाईड म्हणतात काप. किती ठेवू?

उत्तर: अगं, गाईडचं बरोबर आहे, ५००-६०० बास, आणि निष्कर्ष ३००-४०० मध्ये आरामात बसतो. आधीच्या संशोधनाचा आढावा प्रस्तावनेत कोंबला असशील तर तो वेगळ्या भागात टाक. वॉटसन आणि क्रिकचा १९५३ चा डीएनएवरचा पेपर बघ, पानभरापेक्षा जरासाच मोठा, आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय की आम्ही डीएनएची रचना सुचवतोय, मला ते फार आवडतं! निष्कर्षात मात्र नवीन पुरावा आणू नकोस हं. आणि कापलेलं डिलीट करू नकोस, थीसिसमध्ये लागेल.